फियाटचे पुढचे ब्रेक

“पुढच्या दोन्ही चाकांचे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवायचेत, मामा,” जयराज म्हणाला आणि जुन्या फियाटची किल्ली त्यानं सयाजीच्या टेबलावर ठेवली.

सयाजीनं किल्लीला हात लावला नाही. साताऱ्यात गॅरेजं काय कमी होती? पण हा नेमका इथंच आला होता, आणि वर अजून मामा म्हणत होता.

चार वर्षांमागं जयराज त्याचा जावई होणार होता. लग्नाला तीन आठवडे राहिले होते. पुण्याहून बस्ता घेऊन येताना शिरवळच्या पुढं त्याची गाडी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रेलरवर आदळली. सयाजीची पोरगी दीपमाला जागच्या जागी गेली. जयराजच्या कपाळाला सात टाके पडले. ‘गाडी मी चालवत होतो, ब्रेक वेळेत दाबला नाही,’ असं त्यानं पोलिसांना सांगितलं. कोर्टातही तेच सांगितलं. सहा महिने आत काढले आणि तासगावला जाऊन बेदाण्याचा धंदा बघू लागला.

सहा महिने. सयाजीच्या बायकोनं, मनुबाईनं, अपघाताच्या दिवसापासून अंथरूण धरलं ते वर्षभरात तीही गेली.

“दुसरीकडं जा,” सयाजी म्हणाला.

“आजोबांची गाडी हाय. ब्रेकचं काम दुसऱ्या कुणाला देणार न्हाई. दीपमाला म्हणायची...”

“तिचं नाव घेऊ नगंस.”

जयराज निघाला मात्र नाही. सयाजी बराच वेळ दारातल्या गाडीकडं बघत राहिला. मग त्यानं किल्ली उचलली.

“शनिवारी ये.”

चोवीस वर्षं त्यानं फौजेच्या वर्कशॉपमध्ये ट्रकचे ब्रेक केले होते. बर्फात, वाळूत, घाटात. त्याच्या हातच्या ब्रेकनं कधी कुणाला दगा दिला नव्हता. फियाटचंही काम त्यानं तसंच केलं. ड्रम उतरवले, त्यांच्यामागच्या पत्र्याच्या थाळ्या काढल्या, डिस्क चिमटीत पकडणारे कॅलिपर धरायला जाड ब्रॅकेट स्वतः घासून बसवले. डिस्क फिरवून फिरवून बघितली. केसाइतकीही डुलत नव्हती. हँडब्रेकची तार पार झिजली होती. ती काढली आणि नवी घातली नाही.

शनिवारी सकाळी जयराज आला. पाइपातली हवा काढायला कुणीतरी पेडल दाबायला हवं होतं. सयाजीनं त्यालाच बसवलं.

“दाब. धरून ठेव. सोड.”

“असं, मामा?”

“व्हय. परत दाब.”

ब्रेक दगडासारखा कडक झाला. सयाजीनं हात पुसले. “समोर च्या पिऊन ये. मी चाकं चढवतो.”

जयराज रस्ता ओलांडून गेला. सयाजी गाडीखाली सरकला. जुन्या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकला ऑइलची एकच लाइन असते. एक पाइप फुटला की सगळाच ब्रेक जातो. डाव्या चाकाचा रबरी पाइप त्यानं आतल्या अंगानं, ऑइल गळणार नाही इतपतच, ब्लेडनं चिरला आणि वरून ग्रीस फासलं. हळू दाबलं तर टिकेल. जोरात दाबलं तर न्हाई.

“यवतेश्वरच्या घाटात नेऊन बघू,” जयराज परत आल्यावर तो म्हणाला. “मी बी येतो.”

वर जाताना सयाजीनंच चालवली. ब्रेकला त्यानं पाय जेमतेम लावला. घरी वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं. त्यामुळं परत यायचं की नाही, हा विचारही त्याला फार करावा लागला नाही. माथ्यावर त्यानं गाडी वळवली आणि उतरून दुसऱ्या बाजूला आला.

“आता तू चालव. तुझी गाडी हाय.”

पहिल्या दोन वळणांना जयराजनं ब्रेकला पाय नुसता टेकवला. “लय झकास धरतोय, मामा.”

पुढं उतार सरळ होता. गाडी वेग घेऊ लागली. खाली कठड्याचं वळण दिसत होतं आणि कठड्यापलीकडं उन्हातला सातारा. तिथं ब्रेक दाबावाच लागणार होता. सयाजीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. एवढं एकदा त्याला याच्या तोंडून ऐकायचं होतं.

“माझ्या पोरीला मारलीस तू, जयराज. त्या दिवशी ब्रेक का दाबला न्हाईस?”

जयराजनं रस्त्यावरची नजर काढली नाही.

“हेच सांगायला आलोय, मामा. किल्ली द्यायला आलो तवा जीभ रेटली न्हाई. त्या दिवशी गाडी मी चालवत नव्हतो.”

“खोटं बोलू नगंस.”

“तुमी तिला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला न्हाई. मी शिकवत होतो. लग्न झाल्यावर पहिल्या खेपेला स्वतः गाडी चालवत माहेरी यायचं होतं तिला, तुमास्नी दाखवायला. मी शेजारी बसलो होतो. आता तुमी बसलाय तसा. लोक जमायच्या आत तिला बाहेर काढली आणि माझं नाव सांगितलं. गेलेल्या पोरीवर तुमी जन्मभर राग धरला असता. त्यापेक्षा माझ्यावर धरलेला बरा.”

सयाजीनं त्याच्याकडं बघितलं. मग समोर बघितलं. कठडा अंगावर येत होता. त्यानं जयराजचा दंड घट्ट धरला.

“जयराज, ब्रेक...”

“व्हय, मामा,” म्हणाला जयराज आणि त्यानं सगळा जोर लावून ब्रेक दाबला.