पुंडलिकचा बिस्पोक ब्लाऊज

मंजुळाबायचे हात खांद्याच्या वर जाईनात. पडद्यामागून ती बाहेर आली ती बुजगावण्यासारखी, दोन्ही हात आडवे धरून.

"हे बग," ती म्हणाली. "हात वर केला का फाटला."

पुंडलिक शिंपी वाकून काखेची शिवण निरखू लागला. चिंचणीतल्या त्याच्या दुकानाकडे आताशा कुत्रंही फिरकत नव्हतं. जो तो बोईसरला जाऊन तयार कपडे आणत होता. मंजुळाबायच्या पोराचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. हळदीला नाचायला घरच्या अकरा बायकांचे एका रंगाचे ब्लाऊज शिवायचे होते. हा पहिला नीट बसला तर बाकीचे दहा पुंडलिकचे, नाहीतर सगळं कापड बोईसरला जाणार होतं.

आणि नेमकी याच खेपेला त्याने कधी नव्हे ती शास्त्रशुद्ध शिलाई केली होती.

झालं होतं असं, आणि हे पुंडलिक आता स्वतःच कपाळावर हात मारून सांगतो. त्याची पुतणी पालघरला फॅशन डिझायनिंग शिकते. ती सहज म्हणाली, "काका, तुम्ही एकेका गिऱ्हाइकासाठी बेतून शिवता ना, त्याला इंग्लिशमध्ये बिस्पोक म्हणतात." काकांना शब्द इतका आवडला की महिन्याभरात दुकानावर नवा बोर्ड लागला, 'बिस्पोक टेलर'. नवा शब्द हाती लागला की माणूस तो मिठासारखा सगळ्यात घालतो. पुंडलिक टपरीवर चहासुद्धा बिस्पोक मागू लागला, आलं जास्त, साखर कमी. मग बोर्डाला शोभेल असं काम हवं म्हणून त्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. मंजुळाबाय आली तेव्हा तिला भिंतीला टेकवून ताठ उभं केलं आणि टेप लावून सतरा मापं घेतली. तीस वर्षं तो तिचे ब्लाऊज नुसत्या नजरेने बेतत आला होता.

"मापात चूक नाय," तो आता म्हणाला. "सतरा घेतली. ताठ उबी होतीस का नाय, तूच सांग."

"होते ना. पन मी अशी ताठ कदी उबी ऱ्हाते रे? सकाली डोक्यावर म्हावऱ्याची टोपली, तवा हात वर. हळदीला नाचनार, तवा हात वर. आदी तू काखेत चौकोनी तुकडा लावायचास. तो कुटं गेला?"

तुकडा त्याने मुद्दाम गाळला होता. व्हिडिओत तसला तुकडा कुणीच लावत नव्हतं, म्हणून त्याला तो गावठी वाटला. पुंडलिकला कान पिळावेसे वाटले, स्वतःचेच. त्याने कात्री घेतली आणि काखेची शिवण उसवायला ब्लाऊज मागितला.

ब्लाऊज बदलून त्याच्या हातात देताना मंजुळाबायने दारावर नजर टाकली.

"त्या बोर्डावर लिवलंय, त्याचा अर्थ काय रे?"

आता सांगायलाही त्याची जीभ अडखळली. "म्हंजे... एकाच मानसासाठी शिवलेलं. त्याचं अंग, त्याचं काम, त्याची सवय, समदं वळखून."

"अस्सं!" मंजुळाबाय म्हणाली. "म्हंजे बोर्ड लावायच्या आदी शिवायचास, तसं. मंग अकराही तसेच शिव."