भेळेतलं कार्ड

पिंपरीच्या कारखान्यात कॉम्प्युटरची नवी भाषा कोबोल आली आणि जयसिंगच्या लाडक्या ऑटोकोडरचे दिवस भरले. त्या जुन्या भाषेतल्या प्रोग्रॅमची भोकं पाडलेली सगळी कार्डं त्यानं स्वतःच्या हातानं बॉयलरच्या भट्टीत टाकली, आणि त्यांची राख होईस्तोवर तिथून हलला नाही.

आठवड्यानं साहेब म्हणाले, “आजपासून तिसरी पाळी सुरू. प्रोग्रॅममध्ये घाला.”

जयसिंगनं ती कोबोलमध्ये घातली आणि दुपारी भेळ खायला गेटवर आला.

गेटवरची सोजरबाई भेळेसोबत चमचा म्हणून कंपनीतलं टाकाऊ कार्ड दुमडून द्यायची. दोन घास झाले आणि जयसिंगची नजर कार्डाच्या कडेला छापलेल्या ओळीवर गेली. तिसरा घास हातातच राहिला.

ओळ ऑटोकोडरमधली होती. आणि ती तिसऱ्या पाळीची होती.

ती भाषा येणारा कारखान्यात आता तो एकटाच उरला होता.

“मावशी, ही कार्डं तुम्हाला कोण आणून देतं?”

“चेष्टा करता व्हय गरिबाची?” सोजरबाईनं हसत कार्डांचा गठ्ठा त्याच्या हातात ठेवला. गठ्ठा चटका बसेल इतका गरम होता.

“आत्ताच तर तुमी देऊन गेलात, सायेब.”