आक्काच्या विहिरीचं पाणी

"समुद्राकाठच्या डांबरी रस्त्यात काय ठेवलंय? नदीकाठची खडीची वाट धरा. वर माझी आक्का एकटी राहते. तिच्या विहिरीचं पाणी चाकाला लावलं, की सात वर्षं पंक्चर नाही!"

माझ्या चहाच्या टपरीवर थांबणारे सायकलवाले हसायचे, पण जायचे. परतताना तिचा निरोप आणायचे, "त्या थापाड्याला सांगा, म्हातारी अजून मेली नाही." गुडघे गेल्यापासून मला तेवढीच तिची खबर.

आज सकाळी गेलेली मुलगी दुपारी परतली.

"काय म्हणाली आक्का?"

"आजोबा, आधी बसा." ती हँडलकडे बघत म्हणाली, "म्हणाल्या... भावाला सांगा, मी मजेत आहे."

जन्मात आक्काने मला थापाड्याखेरीज काही म्हटलं नव्हतं. उकळता चहा तसाच सोडून मी काठी शोधू लागलो.