नको असेल तर कळवा

पत्र सरकारी होतं, म्हणून निशिकांतने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा फक्त मागची बारीक छपाई वाचली.

या सप्टेंबरपासून चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक नागरिकाला आणि कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या पीआरला एका नव्या विम्यात आपोआप घेतलं जाणार होतं. माणूस पुढे परावलंबी झाला तर काही वर्षं त्याला दरमहा ठरावीक रक्कम मिळणार होती. हप्ता आजारपणासाठी साठवलेल्या मेडिसेव्ह खात्यातून परस्पर कापला जाणार होता. ज्याला हे नको असेल त्याने सोबतच्या फॉर्मवर सही करून तसं कळवायचं.

"चांगली गोष्ट असती तर 'हवी का' असं विचारलं असतं," निशिकांत म्हणाला. "आधी गळ्यात घालायचं, आणि मग म्हणायचं, नको असेल तर कळवा."

सोफ्यावर लोळत पडलेली त्याची मुलगी गार्गी मासिकातून मान वर न काढता म्हणाली, "पण ऑप्शन आहे ना, पपा. फोर्स कुठे करतायत? नको तर साइन करून पाठव. सिंपल, लाह."

"आज ऑप्शन आहे. उद्या सक्ती होईल, तेव्हा मी काय म्हणत होतो ते आठवेल."

रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत तो ऑडिटमध्ये होता. दुसऱ्यांच्या कागदांवर संशय घेण्याचाच त्याला पगार मिळायचा, आणि ती सवय घरीही सुटत नसे. बुकित पंजांगच्या त्यांच्या ब्लॉकला खेटून एलआरटीची छोटी रेल्वे जायची. लोकांच्या घरात दिसू नये म्हणून इमारतीपाशी आली की तिच्या काचा आपोआप धुरकट व्हायच्या. निशिकांत तरीही गाडीचा आवाज आला की पडदा ओढून घ्यायचा.

त्याने स्वतःचा आणि बायकोचा, दोन्ही फॉर्म भरले. स्वतःच्यावर सही केली, पाकीट चिकटवलं, आणि दुसरा घेऊन स्वयंपाकघरात गेला. सुलेखा चवळीच्या शेंगा मोडत होती. तिने हात पुसले, फॉर्म वाचला आणि ओट्यावर ठेवून दिला.

"तुमचा पाठवा. माझा नको."

"का?"

"मला राहू द्या त्यात."

निशिकांतने तिच्याकडे नीट पाहिलं. "हे मीनलने भरवलं ना डोक्यात?" सातव्या मजल्यावरची मीनल पॉलिसी विकायची.

"मीनलचा काय संबंध?"

"मग? परवा तू नोव्हेनाला गेली होतीस. हॉस्पिटलमध्ये." त्याचा आवाज एकदम खाली आला. "काही रिपोर्ट वगैरे आलाय का? लपवतेयस का काही?"

"नीलिमाचं बाळ बघायला गेले होते. मला काही झालेलं नाही."

"मग भीती कसली वाटते? मी आहे ना. आणि आईला कुठे लागला होता विमा? साडेचार वर्षं अंथरुणाला खिळून होती. काही अडलं तिचं?"

सुलेखाने हातातली शेंग खाली ठेवली. गॅस बंद केला.

"या जरा आत," ती म्हणाली.

सासूबाई ज्या पलंगावर होत्या, त्यावर ती जाऊन आडवी झाली. हात सैल सोडले, पाय सैल सोडले.

"मला त्या खुर्चीत बसवा."

"काय चाललंय तुझं?"

"समजा, डावं अंग गेलंय माझं. आईंचं गेलं होतं, तसं. बसवा."

निशिकांत हसला. ती हसली नाही. मग त्याने तिचं मनगट धरून ओढलं.

"हाताला ओढायचं नाही. खांदा निखळतो."

त्याने काखेत हात घालून तिला उचललं. तिचं डोकं मागे लटकलं.

"मान."

तो मान धरायला गेला तर पाय पलंगावरून घसरले. गाऊन गुडघ्यांच्या वर गेला. तिने तो सारखा केला नाही. शेवटी त्यानेच केला, दाराकडे बघत. पुन्हा जोर लावला, तेव्हा ती अर्धवट उचलली गेली, आणि मग त्याची कंबरच लचकली. ती गादीवर पडली. तो पलंगाशेजारी फरशीवर बसला.

दारात गार्गी उभी होती. "मम्मी? आर यू ओके?"

"मला काय झालंय?" सुलेखा छताकडे बघत म्हणाली. "पपांना काही लागलं तर नाही ना, बघ."

गार्गी दोघांकडे बघत राहिली, मग निघून गेली. निशिकांत धापा टाकत होता.

"मी तुझं करणार नाही, असं वाटतं तुला?"

"कराल हो. पण तुम्हाला येत नाही."

बाहेरून एलआरटी गेली. या खोलीचा पडदा उघडाच होता. त्याच्या मनात दुसरंच काही आलं होतं, आणि ते विचारायला त्याला वेळ लागला.

"आणि मी असा पडलो तर? तू... करशील ना माझं?"

सुलेखा उठून बसली. केस बांधले. त्याला वळसा घालून ती दारापर्यंत गेली आणि तिथे क्षणभर थांबली. तो वाट बघत राहिला.

"भाजी राहिलीय," ती म्हणाली आणि गेली.

बाहेरच्या खोलीतून गार्गीचा आवाज आला. "पपा, मी खाली चाललेय. तुझं लेटर पोस्ट करू?"

"थांब!" निशिकांत ओरडला, आणि उठायला गेला. कमरेत अशी चमक भरली की त्याचे डोळे पाणावले. सुलेखाला हाक मारायला त्याने तोंड उघडलं, ती येईल की नाही याचा अंदाज घेतला, आणि हाक न मारता पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.