नावापुढची जागा

चाचणीत नवं औषध घेणारा एकही दगावला नव्हता. उद्यापासून सगळ्या रुग्णांना मिळणार. चाचणीचे प्रमुख साहेब खूश, पण आकडे तपासणाऱ्या बाईंच्या मनात पाल चुकचुकली. औषध आहे की अमृत? त्यांनी औषध घेतलेल्यांची यादी वारलेल्यांच्या यादीशेजारी उघडली. काही नावं दोन्हीकडे, तरी प्रोग्राम म्हणे, माणसं वेगळी! औषधाच्या यादीत अशा एका नावाच्या शेवटी कर्सर नेला, तर अक्षरापासून एक घर लांब उभा. त्या यादीत वारलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे तशीच मोकळी जागा, जगलेल्यांच्या नाही! तेवढ्यानं प्रोग्रामला नाव वेगळं वाटे. चूक कधी नेमकी माणसं निवडते? ती यादी टाइप करणाऱ्या नर्सला बाईंनी गाठलं. “मृत्यू लपवायला साहेबांनी सांगितलं ना?” “ते कशाला सांगतील, ताई? माझ्या डोळ्यांदेखत गेलेली माणसं ती. नाव लिहिलं की थोडी जागा सोडते. लगेच पुढच्याकडे वळायला मन धजत नाही.” जागा पुसल्या तरच नावं जुळून मृत्यू दिसणार होते; औषध थांबवायला त्या पुसणं भाग होतं. बटण दाबण्याआधी बाईंनी हात जोडले.