गटाबाहेरचा सामना

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात नऊ मिनिटं उरली होती आणि अठ्ठावीस-सहा अशी आघाडी होती. दोन वर्षं या संघानं नुसता मार खाल्ला होता. पोरं खेळता खेळता मान वळवून फलकाकडे बघत होती, कोणी मध्येच आकडे बदलेल की काय म्हणून.

"कोच, आता बाकावरच्यांना सोडा," साहाय्यक टिल म्हणाला. "कॉल्बी केव्हाचा हेल्मेट घालून उभाय. डोकं शिजलं असेल त्याचं."

मुख्य कोच रँडल ओक्स मैदानाकडेच बघत राहिले.

कॉल्बी श्रेडरचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. तो मधला गडी, रेषेवर वाकून दोन पायांमधून चेंडू मागे देणारा. चार वर्षं सरावात रोज द्यायचा. सामन्यात एकदाही नाही. ती जागा डेशॉन मेब्रीची होती, आणि डेशॉन आपल्यापेक्षा सरस आहे हे कॉल्बीच सगळ्यांना सांगत फिरे. दोघं एकाच खोलीत राहत. गुरुवारी ओक्सनी स्वतः कॉल्बीच्या आईला फोन केला होता. "शनिवारी या, मिसेस श्रेडर. पोरगा खेळणार आहे." जोलीन श्रेडर कामावरून सुटून तशीच गाडीत बसली होती. सात तास. आता ती वरच्या रांगेत उभी होती, कामाच्या गणवेशावरूनच मुलाच्या नंबरची जर्सी चढवून.

"गटाबाहेरचा सामना असतो कशाला, कोच?" टिल सोडत नव्हता. "गटाच्या तक्त्यात हा धरत नाहीत. पुढच्या शनिवारपासून गटातले आठ सुरू. त्यात कॉल्बीला कुठे घालणार आहात? त्यात आपलाच निभाव लागेल की नाही, शंका आहे."

"म्हणूनच म्हणतो. त्या आठांत सोलून काढतील आपल्याला. निदान आज तरी पोरांना कळू दे, हातात आलेला सामना मिटवायचा कसा. जिंकायचं विसरलीत ती."

"ती, की तुम्ही?"

ओक्स हसले. टिलची जीभ त्यांना पंधरा वर्षांपासून ओळखीची होती. "अजून एक टचडाउन, चेंडू त्यांच्या शेवटच्या रेषेपार. एकच. मग घाल तुझ्या कॉल्बीला. सगळ्यांना घाल. पाणी वाटणाऱ्यालाही घाल."

मागे उभ्या कॉल्बीनं ते ऐकलं. हनुवटीखालचा पट्टा त्यानं काही सैल केला नाही.

"घाई नाही, कोच," तो म्हणाला. "आई कुठे जात नाही. तिच्या गाडीमागे तीन बस लावल्यात."

टिल खो खो हसला. ओक्सनी डेशॉनला हात करून पुढे चला म्हणून सांगितलं.

चार डाव नीट गेले. पाचव्याला डेशॉननं चेंडू मागे दिला, समोरच्याला छातीनं ढकललं, आणि त्यांच्यावर माणसांचा ढीग कोसळला. एकेक करून ढीग उठला. डेशॉन उठला नाही.

दोन्ही संघांचे गडी जागच्या जागी एका गुडघ्यावर बसले. एवढं मैदान, पण झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती ती ऐकू येत होती. डेशॉन ओरडत नव्हता. तो मुठीनं गवत उपटत होता. त्याचा पाय नको त्या बाजूला वळला होता.

त्याला स्ट्रेचरच्या गाडीवर घेतलं तेव्हा ओक्स बाजूनं चालत होते.

"कोच," डेशॉन बोलला, दात आवळून. "कॉल्बीला सांगा, त्यांचा त्रेसष्ट नंबर डावीकडून घुसतो. आधी खांदा पाडतो. खांदा बघ म्हणावं."

ओक्स परत आले. त्यांनी निरोप जसाच्या तसा सांगितला. कॉल्बीनं मान हलवली. तो बाहेर जाणाऱ्या गाडीकडे बघत होता.

"जा, पोरा," ओक्स म्हणाले.

आता टचडाउन कोणालाच नको होतं. उरलेली चार मिनिटं फक्त घड्याळ संपवायचं होतं. कॉल्बी रेषेवर वाकला. चेंडू नीट मागे गेला. त्रेसष्ट नंबरनं डावा खांदा पाडला आणि कॉल्बीनं त्याला तिथेच अडवून धरलं. कुठूनही आवाज आला नाही. वरच्या रांगेत मात्र एक बाई टाळ्या वाजवत होती, एकटीच. शेजारच्यांनी वळून पाहिलं तरी तिला थांबता येत नव्हतं.

सामना जिंकला. कोचच्या डोक्यावर ओतायची बर्फाच्या पाण्याची बादली पोरांनी बाकाशेजारी भरून ठेवली होती, ती कोणी उचलली नाही.

जोलीन कठड्यापाशी उभी होती.

"त्या पोराचं कसं आहे, कोच?"

"दवाखान्यात नेलंय. हे वर्ष गेलं त्याचं. निदान हे वर्ष."

"देवा. कॉल्बी सुट्टीत घरी आणायचा त्याला. माझ्या हातचं किती आवडीनं जेवायचा." मग तिच्यानं राहवलं नाही. "आत्ता हे बोलायची लाज वाटते मला, कोच. पण तुम्ही शब्द पाळलात."

"मिसेस श्रेडर, मी..."

तिनं कठड्यावरून हात पुढे केला. टाळ्या वाजवून वाजवून तळवा लाल झाला होता, अजून गरम होता. ओक्सनी तो हातात घेतला, आणि सोडायचं विसरून तसेच उभे राहिले.