पेल्याची कड

दारूच्या दुकानाला तीन गल्ल्यांचा वळसा घालणारा म्हातारा सुतार झगमगत्या बारमध्ये शिरला, तेव्हा चपलाही अवघडल्या. लेकाने इथे कॉकटेल बनवायची नोकरी पत्करली म्हणून त्याने सहा वर्षं अबोला धरला; महिन्यापूर्वी लेक अपघातात गेला. मनात राग ठेवून गेला का, एवढंच विचारायचं होतं. "तुमच्याकडचा गेलेला पोरगा बनवायचा ते दे," ओळख न देता तो काउंटरवरच्या मुलीला म्हणाला. तिने डोळे मिटून पेल्याच्या कडेवरून बोट फिरवलं. सुतार चमकला, रंधा मारलेली फळी तो अशीच तपासायचा. "हे कुणी शिकवलं?" "दादांनीच. म्हणायचे, बाबांच्या फळीचं कुसळ कुणाला टोचलं नाही, आपल्या पेल्याने ओठ कापायला नको." "बापाबद्दल आणखी काय म्हणायचा?" "बाबा येतीलच, त्यांना सरबत द्या. ते पीत नाहीत." तिने भरून पुढे ठेवलेला पेला सुताराने बाजूला सारला. "मग सरबतच दे, पोरी."